नाकावरच्या कॅन्सरला शेक सांगितलाय? घरच्यांनी काय काय करायचं

“ताई, शेक म्हणजे नाक भाजणार का हो?”

सुनेनं विचारलं, तेही आजी साडी सारखी करायला पडद्याआड गेल्यावर, हळू आवाजात. आजी तासगावकडच्या, वय ७८. डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या अगदी शेजारी, फोड आलेला. चमकीनं चिघळलं असेल म्हणून आधी चमकी बदलली, मग काढूनच ठेवली. हळद लावून झाली, मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावून झाली. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा खपली. असे सात महिने गेले. शेवटी फोडाचा तुकडा काढून तपासला (बायोप्सी) आणि कागदावर आलं, बेसल सेल कार्सिनोमा.

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. डॉक्टर उपचार ठरवतात, फिजिसिस्ट हिशेब करतात आणि रोज रुग्णाला टेबलावर झोपवून मशीन चालवते ती मी. २६ वर्षं हेच काम करतेय. चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कॅन्सरचे किती तरी लोक बरे होऊन गेलेले पाहिलेत. आणि नीट कुणी सांगितलं नाही म्हणून अर्ध्यात सोडून गेलेलेही पाहिलेत, ते जास्त लक्षात राहतात. मात्रा किती, सिटिंग किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण घरच्यांच्या हातात जे असतं ते इथे सांगते.

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, भाजत नाही. ‘शेक’ हा किरणोपचाराला, म्हणजे रेडिओथेरपीला, आपल्याकडे रूढ झालेला शब्द, कुणी ‘लाइट’ म्हणतं, कुणी ‘करंट’. प्रत्यक्षात गरम काही लागत नाही आणि वीजही अंगाला लागत नाही. एक्स-रे काढताना जसं काही कळत नाही, तसंच. त्वचा लाल होते, सोलते, पण ती पुढच्या आठवड्यांत, पेशींवर परिणाम होत जातो तशी. आणि बाहेरून किरण दिलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. घरी गेल्यावर नातवंडांना मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही.

आधी तुकड्याचा रिपोर्ट नीट समजून घ्या

त्वचेच्या कॅन्सरमध्ये मेलॅनोमा हा वेगळा आणि जास्त घातक प्रकार. इथे मी त्याबद्दल बोलत नाहीये. उरलेल्यांपैकी दोन मुख्य. एक बेसल सेल, कागदावर ‘बीसीसी’ लिहितात. हळूहळू वाढतो, आजूबाजूचं पोखरत जातो, पण शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो. दुसरा स्क्वॅमस सेल, ‘एससीसी’. हा थोडा जोरात वाढतो आणि कानापुढच्या किंवा मानेतल्या गाठींमध्ये जाऊ शकतो. म्हणून एससीसी असेल तर डॉक्टरांनी मान आणि जबड्याखालचा भाग हातानं तपासला का, सोनोग्राफी किंवा सीटी लागणार का, हे विचाराच.

आपल्या सावळ्या कातडीवर बीसीसी पुष्कळदा काळा दिसतो, कडेला मोत्यासारखी चमक असते. त्यामुळे लोक त्याला तीळ किंवा मस समजतात. चेहऱ्यावरची कुठलीही जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, किंवा भरून पुन्हा फुटली, की तिचा तुकडा तपासायलाच हवा. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो हा समज गावोगाव आहे आणि त्यापायीच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. तुकडा न काढता कुणी शेक देत नाही आणि देऊही नये.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा: प्रकार कोणता, किती खोल गेलाय, आणि नसांच्या (मज्जातंतूंच्या) भोवती शिरलाय का. आधी ऑपरेशन झालं असेल तर चौथी, कडा मोकळ्या आल्यात का, म्हणजे कापून काढलेल्या भागाच्या कडेला रोग नाही ना. पुढचं सगळं या चार उत्तरांवर ठरतं.

ऑपरेशन की शेक

हा प्रश्न टाळू नका. आणि एकाच डॉक्टरांना विचारून थांबू नका. सर्जन आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, दोघांनाही भेटा.

बहुतेक लहान बीसीसीला ऑपरेशन हाच पहिला उपाय, हे मी शेक देणारी असूनही स्पष्ट सांगते. १९९७ साली फ्रान्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावर ४ सेंटीमीटरपेक्षा लहान बीसीसी असलेले ३४७ रुग्ण, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना किरणोपचार. चार वर्षांनी ऑपरेशनच्या गटात १०० मध्ये एकाहूनही कमी जणांना तिथे रोग उरला किंवा उलटला, अचूक आकडा ०.७ टक्के. किरणोपचाराच्या गटात ७.५ टक्के. दिसण्याच्या बाबतीतही ऑपरेशन पुढे होतं: चांगला निकाल ८७ टक्के विरुद्ध ६९ टक्के. मशीन आणि तंत्र तेव्हापेक्षा सुधारलंय, तरी ज्याचं ऑपरेशन सहज होण्यासारखं आहे त्यानं नुसत्या भीतीपोटी शेकाकडे वळू नये.

पण तोच आकडा उलटा वाचा. किरणोपचारानंही १०० मध्ये ९२-९३ जणांचा रोग त्या जागी परत दिसला नाही. म्हणजे ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी हा दुय्यम, नाइलाजाचा उपाय नाही. किरणांनी बरा केलेला पहिला कॅन्सर त्वचेचाच. रोंटगेननं १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि १८९९ मध्ये स्टॉकहोममध्ये डॉक्टरांनी एका बाईच्या नाकावरचा त्वचेचा कॅन्सर त्याच किरणांनी बरा केला. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्यासारखंच की मग.”

मग शेक आधी कुणासाठी? वय साठ-सत्तरच्या पुढे. जागा अशी की कापलं तर काहीतरी जाईल: पापणीची कड, डोळ्याचा आतला कोपरा, नाकाचा शेंडा, नाकपुडी, कानाची पाळी, ओठ. हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, भूल सोसवणार नाही. आजींना यातलं सगळंच लागू होतं. दोन स्टेंट, गोळ्या थांबवायची सोय नाही आणि नाकपुडीचा जवळजवळ निम्मा भाग काढून कपाळाची कातडी फिरवून लावावी लागली असती. शेकासाठी रक्त पातळ करणारी एकही गोळी थांबवावी लागत नाही.

ऑपरेशननंतर शेक लागतो तोही वेगळा प्रसंग. कडा मोकळ्या आल्या नाहीत आणि पुन्हा कापता येत नाही, नसांभोवती रोग दिसला, किंवा गाठींमध्ये गेलाय, अशा वेळी. तिथे “ऑपरेशन तर झालं, आता कशाला” असं म्हणून टाळू नका.

आणि कुणी शेकापासून लांब राहायचं? तरुण माणसानं, कारण किरण दिलेली कातडी वीस-तीस वर्षांनी अजून खराब होत जाते आणि त्याच जागी नवा कॅन्सर उठायचा धोका थोडा का होईना असतो. गॉर्लिन सिंड्रोम किंवा झीरोडर्मा पिगमेंटोसम असे जन्मजात आजार असणाऱ्यांनी, त्यांच्यात किरणांनीच नवे कॅन्सर होऊ शकतात. ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे आजार) असेल तर आधी सांगा. नडगीवर जखम असेल तर दहा वेळा विचार करा, तिथे शेकानंतर भरून यायला फार वेळ लागतो.

जळल्याच्या जुन्या वणात किंवा वर्षानुवर्षांच्या घट्ट्यावर उठलेला कॅन्सर हाही आधी सर्जनचा. आपल्याकडे तो परका नाही. कमरेला धोतर घट्ट आवळून बांधणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४० च्या दशकातच केलं होतं. साडीच्या नाडीखाली तसाच होतो. कमरेवरचा काळा, खरखरीत पट्टा खाजत असेल, फुटत असेल, तर आईला, सासूला नाडी रुंद पट्टीची घ्यायला सांगा आणि तो भाग एकदा दाखवून आणा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एका जागी पूर्ण मात्रेचा शेक साधारणपणे एकदाच देता येतो. रोग उलटला तर पुढे बहुतेक वेळा ऑपरेशनच उरतं, आणि तेही शेकलेल्या कातडीवर, जी नीट भरत नाही. म्हणून पहिल्याच वेळी तो पुरा आणि नीट व्हायला हवा.

मशीनबद्दल एकच प्रश्न विचारा

“चेहऱ्याच्या कातडीसाठी तुमच्याकडे इलेक्ट्रॉन आहे का? किंवा कमी ताकदीचा एक्स-रे, किंवा ब्रेकीथेरपी?”

हे विचारायचं कारण सांगते. छातीत, पोटात खोल पोचणारे किरण नाकावर दिले तर ते नाकातून पार जाऊन मागच्या सगळ्या भागाला लागतात. इलेक्ट्रॉन तसे नाहीत. ६ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे किरणांची ताकद मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन साधारण पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत नीट काम करतो आणि तीन सेंटीमीटरच्या पुढे जवळजवळ काही उरत नाही. त्वचेसाठी हेच हवं. कोबाल्ट मशीनमधून इलेक्ट्रॉन निघत नाहीत, त्यासाठी लिनिअर ॲक्सिलरेटर लागतं, आणि काही ॲक्सिलरेटरमध्येही तो पर्याय नसतो. ब्रेकीथेरपीत साचा चेहऱ्यावर ठेवून त्यातल्या नळ्यांमधून इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा छोटा कण फिरवतात. नाकासारख्या चढ-उताराच्या जागी ती छान बसते. रोग हाडापर्यंत गेला असेल किंवा गाठींनाही शेक द्यायचा असेल तर मात्र खोल जाणारे किरणच लागतात. जवळच्या केंद्रात योग्य सोय नसेल तर तसं स्पष्ट विचारा आणि तिथल्याच डॉक्टरांकडून दुसरीकडची चिठ्ठी घ्या. चांगले डॉक्टर यात कमीपणा मानत नाहीत.

साच्याचा दिवस

सिटिंग सुरू होण्याआधी एक दिवस रुग्णाच्या चेहऱ्यावर मुखवटा आणि साचा बनवतात. या दिवशी घाई करू नका, सुट्टी काढूनच या. रुग्णाला पोटभर जेवून, औषधं घेऊन आणा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणा आणि पहिल्या भेटीतच सांगा. पुरुषांनी दाढी-मिशी ठेवायची की काढायची हे त्या दिवसाआधी ठरवा, कारण मुखवटा त्याच चेहऱ्यावर बनतो. मध्येच मिशी उतरवली तर मुखवटा सैल होतो. आणि जिथे शेक पडणार तिथले केस गळतील, पुरी मात्रा असेल तर परत येत नाहीत. ओठावरच्या रोगासाठी आलेल्या एका काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्धी मिशी गेल्यावर त्यांना झालेलं दुःख मी पाहिलंय. आधी सांगितलं असतं तर मनाची तयारी झाली असती.

चमकी, नथ, कानातलं, चष्मा, गळ्यातलं, कृत्रिम दात, सगळं निघणार. मंगळसूत्र काढायला आजी तयार नव्हत्या. मानेला शेक नसेल तर ते खाली सारून चालतं की काढावंच लागेल, हे विचारा. आमच्याकडे सुनेनं ते आपल्या हातात धरून बाहेर बसायचं ठरलं आणि आजींना ते पटलं.

आता आजींच्या नाकाचं काय केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या माणसाचं करताना दचकायला होणार नाही.

सत्तर अंशांच्या आसपास गरम पाण्यात जाळीदार प्लास्टिकचा पत्रा मऊ केला. बाहेर काढून पाणी झटकलं आणि चेहऱ्यावर ताणून बसवला, हाच तो मुखवटा. कोमट ओल्या टॉवेलसारखं लागतं. पाच-दहा मिनिटांत तो कडक होतो. ज्यांचा जीव घाबरतो त्यांच्यासाठी डोळ्यांशी, तोंडाशी भोक मोठं करता येतं, फक्त आधी बोला. मग नाकावर मेण. दातांच्या डॉक्टरांकडे असतात ते गुलाबी मेणाचे पत्रे कोमट पाण्यात मऊ करून एकावर एक थापत गेले. नाकपुडीची कड, गालाची घळ, कुठेही मेणाखाली हवेची पोकळी राहता कामा नये. नाकाच्या आत ओलं गॉज हळूच भरलं, तेही पोकळी बुजवण्यासाठी. हे सगळं कशाला? इलेक्ट्रॉनची पूर्ण मात्रा अगदी वरच्या कातडीला मिळत नाही, थोडी आत गेल्यावर मिळते. रोग तर वरच आहे. मेण ठेवलं की ती ‘थोडी आत’ची जागा मेणात जाते आणि पुरी मात्रा कातडीवर येते.

मेणाभोवती शिशाचा पत्रा कापून खिडकी ठेवली, ६ एमईव्हीला साधारण ३ मिलिमीटर जाडीचा. खिडकी जखमेपेक्षा मोठी असते, चारी बाजूंनी सेंटीमीटरभर किंवा जास्त. “जखम एवढीशी, मग एवढा भाग का जाळताय” हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. डोळ्याला दिसते ती जखमेची कड असते, रोगाची कड तिच्या पुढे असते.

पापणीचा रोग असेल तर डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकून, बुबुळावर कॉन्टॅक्ट लेन्ससारखं पण जाड धातूचं झाकण बसवतात. दिसायला भीती वाटते, दुखत नाही. त्या दिवशी डोळा पुन्हा शुद्धीवर येईपर्यंत चोळायचा नाही, आणि स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही.

सिटिंग किती, आणि खाडा का नको

मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. कुणाला २० सिटिंगमध्ये ५० ते ५५ ग्रे, कुणाला ३० ते ३३ सिटिंगमध्ये ६० ते ६६. फार थकलेल्या, रोज येऊ न शकणाऱ्या माणसाला ५ सिटिंगमध्ये ३५ ग्रेही देतात. सिटिंग कमी म्हणजे उपचार कच्चा, असं नाही. दर सिटिंगची मात्रा मोठी असते, त्याचा मोबदला म्हणून पुढे कातडी थोडी जास्त पांढरट आणि पातळ दिसते. ९० वर्षांच्या माणसाला तो सौदा बरा. म्हणून शेजारच्या बाकावरच्या माणसाशी सिटिंग मोजून तुलना करू नका.

आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. खोलीत दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यातलं मशीन चालू असतं मिनिट-दोन मिनिटं. आत एकटं राहावं लागतं, पण आम्ही कॅमेऱ्यातून बघत असतो आणि आवाज ऐकू येतो. हात वर केला की मशीन थांबवतो. पहिल्या दिवशी हे रुग्णाला दोनदा सांगा.

खाडे का नकोत ते सांगते. मध्ये थांबलं की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी वाढायला लागतात आणि आधीच्या सिटिंगचा काही भाग वाया जातो. एससीसीमध्ये हे जास्त. एक शेतकरी दादा, कानावर एससीसी, बारा सिटिंग झाल्यावर बागेची छाटणी म्हणून गेले ते अठरा दिवसांनी आले. आम्ही फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. डॉक्टरांनी हिशेब पुन्हा मांडला, जास्तीची सिटिंग दिली, तरी वर्षाच्या आत कानामागे गाठ आली. दुसरं काही कारणही असेल, पण ते अठरा दिवस माझ्या मनातून जात नाहीत. सण, लग्न, छाटणी, यात्रा, तारखा पहिल्या दिवशीच डॉक्टरांपुढे ठेवा. सुरुवात आठवडाभर पुढे ढकलणं एक वेळ चालतं, मध्ये सोडणं नाही.

कागदांचंही इथेच सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो, पण मंजुरी आधी लागते. रेशन कार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन साच्याच्या दिवसाआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. उपचार सुरू झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची फार ओढाताण होते. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, तो फॉर्म रुग्णालयाच्या सही-शिक्क्यानं मिळतो.

कातडीची काळजी, आणि सगळ्यात कठीण दिवस

पहिले दहा दिवस काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, लाइट लागतेय की नाही कोण जाणे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा लाल, सावळ्या माणसाची काळपट होते, खाजते, ताणल्यासारखी वाटते. मग सालपटं. मग पाणी सुटतं आणि पिवळसर खपली धरते.

या काळात करायचं ते साधं आहे. रोज कोमट साध्या पाण्यानं धुवा, मऊ सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका. बिनवासाचा सौम्य साबण चालतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा, पण सिटिंगच्या आधी त्याचा जाड थर नको, तो किरणांना मेणासारखाच वागतो. हळद, चुना, टूथपेस्ट, बर्फ, कोरफड कापून थेट गर, पावडर, अत्तर, यातलं काही नको. कपाळावर शेक असेल तर चिकटणारी टिकली नको, काढताना कातडीच निघते. गंध लावायचं तर शेकाच्या जागेपासून दूर. पुरुषांनी त्या भागावर वस्तरा चालवू नये. उन्हात जाताना पदर किंवा रुंद कडेची टोपी. नाकाला शेक असेल तर आतूनही खपल्या धरतात, थोडं रक्त येतं. डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, नाक जोरात शिंकरू नका आणि खपली बोटानं ओढू नका. ओठाला असेल तर तिखट, गरम आणि तंबाखू बंद. चष्म्याची नाकावरची पॅड जखमेवर टेकत असतील तर तेवढे दिवस चष्मा फक्त वाचण्यापुरता.

आता नीट वाचा. शेवटची सिटिंग झाली, पेढे वाटले, घरी गेलात. त्यानंतरचा पहिला आणि दुसरा आठवडा सगळ्यात वाईट असतो. मशीन बंद झालं तरी किरणांचा परिणाम वाढत राहतो. नेमकं त्याच वेळी रोज बघणारं कुणी नसतं.

आजींच्या नातवानं नवव्या दिवशी सुनेच्या फोनवरून मला फोटो पाठवला. नाकपुडीवर जाड पिवळी-काळी खपली, कडेनं ओलं, गाल सुजल्यासारखा. खाली लिहिलं होतं, “लाइटनं नाक गेलं.” गावातले एकजण जडीबुटीचा लेप द्यायला तयार होते. मी फोन केला. ताप आहे का? नाही. पू, घाण वास? नाही. लाली शेकाच्या चौकटीच्या बाहेर पसरतेय का? नाही. मग उद्या दाखवायला आणा आणि तोपर्यंत काही लावू नका. डॉक्टरांनी खपली भिजवून थोडी मोकळी केली, व्हॅसलीनचं गॉज दिलं, वेदनेची गोळी दिली. बाकी काही नाही. पाचव्या आठवड्यात खपली आपोआप पडली आणि खाली गुलाबी, पातळ, नवी कातडी होती. साधारण चार ते सहा आठवडे धरून चला. मोठी जखम असेल तर जास्त.

मी हा काळ घरच्यांना आता आधीच कॅलेंडरवर लाल पेनानं काढून देते. तुम्हीही काढा. त्या पंधरा दिवसांत रोज एकाच वेळी, एकाच उजेडात एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला वाईटच वाटत राहतं, फोटो शेजारी ठेवले की सुधारणा दिसते.

थांबायचं नाही अशी लक्षणंही आहेत. ताप आला, पू किंवा घाण वास, लाली चौकटीबाहेर पसरतेय, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, डोळा दुखतोय किंवा अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नंतरची वर्षं

जागा कायमची थोडी पांढरट राहील, बारीक लाल शिरा दिसू शकतील. उन्हापासून ती आयुष्यभर जपायची, जखम भरल्यावर सनस्क्रीन चालेल. कानाच्या, नाकाच्या कूर्चेला पुढे क्वचित जखम होऊ शकते, म्हणून तिथे मार लागू देऊ नका. सुरुवातीची दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जा. पुढे किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील. प्रत्येक वेळी फक्त ती जागा नाही, सगळा चेहरा, कान, डोक्याचं टक्कल, हातांचे पंजे, मान बघून घ्यायला सांगा. एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. भरलेली जागा पुन्हा फुटली तर ‘शेकाचं असेल’ म्हणून घरी बसू नका, तुकडा पुन्हा तपासावा लागतो.

चार महिन्यांनी आजी आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, चमकी परत कधी घालू? बायकांना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून लिहिते. शेकलेल्या बाजूला पुन्हा टोचू नका. ती कातडी, ती कूर्चा नव्यानं झालेली जखम भरून काढायला कमी पडते. जुनं भोक बुजलं असेल तर बुजू द्या. आजींनी उजवी नाकपुडी टोचून घेतली, डॉक्टरांना विचारून, आणि पुढच्या वेळी तपासणीला आल्या तेव्हा टेबलावर बसायच्या आधी स्वतःच चमकी काढून सुनेच्या हातात दिली.